वाचकांचे प्रश्न : कुत्रा वास घेतो की आपल्याकडे बघतो?

प्रश्न : आमच्या गावठी कुत्र्याला पाच खोक्यांतून लवंगेचं खोकं ओळखायला शिकवलंय. सकाळी तो बिनचूक त्याच्यापाशी बसतो, दुपारी चुकतो. घरचे म्हणतात, तो तुझ्याकडे बघून ओळखतो. खरं काय? – एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, ती आधी फेडून घ्या. बरोबर खोक्यापाशी आपलं पाऊल नकळत मंदावतं, दोरी सैल पडते. कुत्र्याला तेवढं पुरतं. 2011 साली कॅलिफोर्नियात शोधकुत्र्यांची परीक्षा झाली. वास कुठेच लपवलेला नव्हता, पण सांभाळणाऱ्यांना खुणेचा कागद दाखवून 'इथे आहे' असं सांगितलं होतं. बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' असा खोटा इशारा नोंदला गेला, आणि कागदापाशी जास्त.

लवंग आणि कापसाचे बोळे काचेच्या बरणीत दिवसभर बंद ठेवा. पाच सारखी खोकी घ्या. चारांत साधे बोळे, एकात वासाचा. दोन्हींना चिमटे वेगळे. हाताने फक्त वासाचाच बोळा ठेवलात, तर कुत्रा लवंग सोडून तुमच्या हाताचा वास शोधायला शिकतो. जागा फासा टाकून ठरवा, सहा पडला तर पुन्हा टाका. खोकी मांडणाऱ्याने भिंतीआड जावं. कुत्रा धरणाऱ्याला जागा माहीत नसावी. कुत्रा बसला की धरणाऱ्याने खोक्याचा क्रमांक ओरडून सांगायचा, आडून 'बरोबर' आलं तरच खाऊ. कळण्याच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा चालतो, पण कांदा लागलेला अजिबात नको. कांदा कुत्र्यांना बाधतो. चाटलेलं खोकं लगेच बदला, वासाचं खोकंही दर फेरीला नवं घ्या.

रोज पाच फेऱ्या, चार दिवस. वीसपैकी चार तर नुसत्या नशिबानेही बरोबर येतात. नऊ किंवा जास्त आले, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात एक. मग श्रेय नाकाचं माना.

दुपारचं कारण ऊन. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा नाकाने हवा ओढतो. धापा टाकत असला की ते नीट जमत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सराव ऊन चढायच्या आत उरका.

प्रश्न : शेतातल्या विहिरीवरून पंपाची केबल चोरीला गेली. पोलिसांचा कुत्रा बांधाने डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. असं का? – एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : चोर तिथून गाडीवर बसला असण्याची शक्यता मोठी. पायाखाली दबलेली माती, चुरडलेलं गवत आणि अंगावरून झडणारे त्वचेचे कण यांचा मिळून माग बनतो. गाडीवर पाय जमिनीला लागत नाहीत आणि वास वाऱ्यावर पांगतो. त्यात तापलेलं डांबर.

पण निम्मा माग बघ्यांच्या पायांनीच मोडतो. पथक येईपर्यंत विहिरीभोवती कुणाला फिरकू देऊ नका, गुरं सोडू नका, पाण्याची पाळी थांबवा. चोराची चप्पल, रुमाल पडला असेल तर उचलू नका, तो पथकालाच उचलू द्या. तुम्ही आणि सालदार सकाळी कुठून कुठे चाललात, तेही पथकाला आधीच दाखवा.