मी ख्रिस्ती नाही. गोव्यातल्या एखाद्या छोट्या चर्चमध्ये नुसतं शांत बसायला गेलं तर चालतं का? आणि तिथे दिलेली मदत खरंच गरजूपर्यंत पोचते का?

चालतं. मी गेली पंधरा-सोळा वर्षं जातोय, आणि माझ्या गल्ल्याच्या वर गणपतीची तसबीर आहे. बार्देशातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे आणि रस्ता ओलांडला की चर्च. आम्ही इगर्ज म्हणतो. तुम्ही लिहिलंय की बदली होऊन म्हापशाला आलात आणि दोनदा दारातूनच परत फिरलात. तिसऱ्यांदा जा.

जाताना वेळ तेवढी बघा. सकाळी मीस असते, म्हणजे त्यांची प्रार्थना. नंतर दुपारी बरीच चर्चेस बंद असतात, कारण गोव्यात दुपार झोपेची. वाड्यावाड्यावर जी कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, आहेत ती तर एरवी कुलूपबंदच असतात, चावी शेजारच्या घरात. मागितली की मिळते, फक्त आधी तुम्ही कुठले, कोणाकडे उतरलात, ही चौकशी होईल. चपला काढायच्या नसतात. पहिल्या दिवशी मी सवयीने पायरीवर काढल्या, तर झाडलोट करणारा म्हणाला, "घाल बाब, सुणें व्हरतलें." खरंच कुत्रा नेतो, नंतर एकाची नेलेली पाहिली.

मागच्या बाकावर बसा. अल्ताराजवळ, म्हणजे वेदीपाशी, एक लहान लाल दिवा सतत जळत असतो. तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे मीसमध्ये पवित्र केलेली भाकर, ठेवलेलं आहे अशी ती खूण, म्हणून लोक येता-जाता गुडघा टेकतात. तुम्ही टेकलाच पाहिजे असं नाही. मीस चालू असताना गेलात तर शेवटी सगळे रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात, त्या रांगेत मात्र उभं राहू नका. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. बसून राहिलात तर कोणी वळूनही बघणार नाही. आणि फोटो काढत सुटू नका, एवढं पर्यटकांनी पाळलं तरी पुष्कळ.

आमच्या चर्चच्या दोन खिडक्यांना अजून जुनी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यातून येणारा उजेड पातळ ताकासारखा असतो. वडील गेले त्या पावसाळ्यात मी साडेचारला, दुकान पुन्हा उघडण्याआधी, तिथे बसायला लागलो. चार महिने कोणी काही विचारलं नाही. मग एकदा पाद्री-विगार, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, मागून आले आणि एवढंच म्हणाले, "फॅन लावूं?" तिथे बसून मी काय चिंतन करतो असं वाटत असेल, तर खरं सांगतो, निम्मा वेळ उधारीचाच हिशेब डोक्यात असतो. पण तोही तिथे जरा कमी टोचतो.

आता मदतीचं. यातलं मला बिलाच्या बाजूने माहीत आहे. बऱ्याच चर्चेसमध्ये संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने चालणारी मंडळी असते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच विद्यार्थी मित्रांना आणि वयाने मोठ्या एका संपादकाला घेऊन ती सुरू केली. आमच्याकडे त्यात एक निवृत्त मास्तर, दोन गृहिणी, एक बसड्रायव्हर असे लोक आहेत. ते दोघा-दोघांनी घरी जातात, बसतात, औषध संपलंय का बघतात. त्यांच्या बैठकीत एक कापडी थैली फिरते. प्रत्येकजण मूठ आत घालून बाहेर काढतो. कोणी शंभर टाकले, कोणी नुसतीच मूठ घातली, कळायचा मार्ग नाही. आपण ज्याला गुप्तदान म्हणतो ते यांनी रिकाम्या खिशालाही लाज वाटणार नाही असं बांधून ठेवलंय.

दर महिन्याला माझ्याकडे यादी येते. पाच किलो उकडे तांदूळ, तूरडाळ, साखर, चहापावडर, खोबरेल, साबण. पिशव्यांवर नाव नसतं, आकडा असतो. मे महिन्यात यादी लांबते, कारण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, गरिबालाही लागते: सुकी मिरची, मीठ, सोलां म्हणजे आमसुलं, आणि थोडा गलमो, म्हणजे सुका जवळा.

एका मे महिन्यात मी घाण केली. मास्तर आजारी होते, पाऊस तोंडावर आलेला, म्हणून "मीच पोचवतो" म्हणालो आणि चार नंबरची पिशवी माझ्या पोऱ्याकडून, भर सकाळी, दुकानाचं नाव छापलेल्या थैलीतून धाडली. तासाभरात त्या घरच्या आंटी स्वतः पिशवी घेऊन दुकानात आल्या. इस्त्रीचा फ्रॉक, कानात कुड्या. चार गिऱ्हाइकं उभी. पिशवी गल्ल्यापाशी ठेवून म्हणाल्या, "हें म्हजें न्हय. चुकून आयलां दिसता, बाब." मी "हय, हय, चूक जाली" म्हणालो. मग त्यांनी रोख पैसे मोजून एक बिस्किटाचा पुडा घेतला आणि गेल्या. पिशवीतला गलमो दिवसभर दुकानात वास मारत होता.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त पिशवीतलं सगळं काढून आपल्या घरच्या जुन्या थैलीत भरायला लावलं. अंधार पडल्यावर त्यांची बायको आंटींकडे गेली, म्हणे रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला. थैली तिथेच राहिली. तेव्हापासून चार नंबर माझ्या हातातून जात नाही. आंटी अजून दुकानात येतात, पावसाबद्दल, पावाच्या दराबद्दल बोलतात.

म्हणून पोचते का, तर पोचते. पण आपण पोचलेलं बघायला जाऊ नये. पेटीत पैसे टाकायचे तर टाका. वस्तू द्यायची असेल तर मीस संपल्यावर पाद्रींना आधी विचारा. आमच्याकडे एका भल्या माणसाने न विचारता तीन गोणी जुने कपडे आणून ठेवले, ते उंदरांनी कातरले. त्याच महिन्यात मंडळी शोधत होती ते म्हाताऱ्यांचे डायपर. वाड्यावरच्या निम्म्या घरांत मुलं परदेशात आणि मागे अंथरुणाला खिळलेलं एक माणूस, अशी स्थिती आहे, आणि डायपरच्या पाकिटाची किंमत तांदळाच्या पिशवीपेक्षा जास्त असते.