ज्वालामुखी कसे तयार होतात? आणि इंडोनेशियातच एवढे जागृत ज्वालामुखी का?

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका, की जमिनीखाली सगळीकडे लाव्हा भरलाय आणि कुठे भोक पडलं की तो वर येतो. खालचा खडक भयंकर तापलेला असतो पण वरून दाबच एवढा, की तो वितळत नाही, घट्टच राहतो. मग वितळवतं कोण? इंडोनेशियात तरी पाणी! मलाही हे आधी पटलं नव्हतं.

सुमात्रा-जावाच्या दक्षिणेला समुद्रतळाची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) वर्षाला काही सेंटीमीटर सरकत बेटांखाली घुसतेय, तिच्या खडकात मुरलेलं पाणीही सोबत जातं, आणि शंभरेक किलोमीटर खोलवर ते सुटून वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की तो खडक कमी तापमानालाच वितळायला लागतो. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात मीठ टाकतो ना, बर्फ शून्याखालीही वितळतो, साधारण तसंच.

हा वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, बऱ्याचदा चिकट असतो, वाफ आत कोंडते आणि मग स्फोट. आमटी उकळली तर नुसते बुडबुडे येतात, पिठलं मात्र अंगावर उडतं. (आपला सह्याद्री आमटीवाला, पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला, पण त्याचं कारण वेगळं, ते परत कधीतरी.)

इंडोनेशियात असे जागृत ज्वालामुखी जवळपास १२७ आहेत. नोंदलेल्या इतिहासातला सगळ्यात मोठा दणका तांबोराचा, एप्रिल १८१५, डोंगराचा माथाच उडाला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच नीट आला नाही. क्राकाताउ १८८३ चा, त्यात ३६ हजारांवर माणसं गेली, बहुतेक त्सुनामीने. तिथेच १९२७ मध्ये समुद्रातून नवीन ज्वालामुखी वर आला, नाव अनाक क्राकाताउ, म्हणजे क्राकाताउचं पोर. डिसेंबर २०१८ मध्ये या पोराची एक बाजू समुद्रात कोसळली, भूकंप नाही काही नाही, त्यामुळे इशाराही नाही, थेट लाटाच आल्या आणि ४०० हून जास्त लोक गेले. मेरापी, सेमेरू तर सारखे धुमसतच असतात, तरी लोक पायथ्याशी शेती करतात कारण राखेची माती जबरदस्त पिकते.

मी स्वतः फक्त जावातला कावाह इजेन ज्वालामुखी चढलोय, रात्री दीडला, भाड्याचा मास्क लावून. ती फेमस निळी आग म्हणजे लाव्हा नाही हं, गंधकाचा वायू पेटतो. फोटो काढायचे राहिलेच, कारण बाजूने एक माणूस खांद्यावर सत्तर-ऐंशी किलो गंधकाच्या टोपल्या घेऊन वर चढत होता आणि आम्ही रिकाम्या हाताने धापा टाकत होतो.

आणि हो, ज्वालामुखींची हीच रेषा उत्तरेला अंदमानपर्यंत येते. तिथलं बॅरन आयलंड हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, साधारण दीडशे वर्षं झोपून १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.