जगभरच्या बायका खरंच कधी एक झाल्या होत्या का?

झाल्या, पण भांडत भांडत. १९७५ ला मेक्सिको सिटीत युनोची पहिली जागतिक महिला परिषद भरली, त्याच वेळी संस्था-संघटनांचा वेगळा मेळावा होता आणि तिथे बोलिव्हियाच्या टिनच्या खाणवस्तीतून आलेली दोमितिला बारिओस म्हणून एक बाई होती, खाणकामगाराची बायको. तिने सरळ विचारलं की तुमचं नि माझं आयुष्य कुठे सारखं आहे, आमच्याकडे मजुरी पुरत नाही, नवरे तुरुंगात जातात, मग नुसतं पुरुषांशी लढून आमचं काय होणार? बऱ्याच जणींना ते झोंबलं असणार.

१९८० ला कोपनहेगनच्या दुसऱ्या परिषदेत पॅलेस्टाईनवरून जुंपलीच. पण मला विचाराल तर खरा बदल १९८५ च्या नैरोबीतल्या तिसऱ्या परिषदेत दिसला, तिथे आफ्रिका-आशियातल्या बायका संख्येने भरपूर होत्या आणि कर्ज, दुष्काळ, वर्णभेद हे बायकांचेच प्रश्न आहेत हे ठासून मांडलं गेलं. त्याची तयारी म्हणजे 'डॉन' (DAWN) हे विकसनशील देशांतल्या अभ्यासक-कार्यकर्त्या बायकांचं नेटवर्क, ते १९८४ ला आपल्याकडे बंगळूरच्या बैठकीतूनच सुरू झालं, अर्थतज्ज्ञ देवकी जैन त्यात होत्या (हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं).

नंतर १९९५ ला बीजिंगच्या परिषदेला दलित बायकांनी जातीचा प्रश्नही नेला.