हत्यारपेटी : कमी पैशांत ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर

प्रश्न : ताई, पुस्तकांचं कपाट, एक लहान पलंग आणि पडद्यांचे रॉड एवढं काम स्वतःच्या हाताने करायचं मनात आहे. बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू आवळणारं मशीन) असा एकत्र संच बघतोय, पण बजेट कमी आहे. एका पेटीवर ४८ व्होल्ट लिहिलंय आणि सोबत बिटांचा ढीग आहे. जवळपास तेवढ्याच पैशांत नावाजलेल्या कंपनीचा १२ व्होल्टचा संच मिळतो. त्यात दोन मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर, बाकी काही नाही. ओळखीचे सगळे ४८वाला घे म्हणतात. काय करू?

उत्तर : १२ व्होल्टचा घ्या.

४८ हा आकडा आधी तपासून बघू. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्ट देतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८ होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर हा आकडा बाराच्या थोडा वर जातो, म्हणून पेटीवर १२ छापतात. पाच सेल जोडले की १८. त्याच पाच सेलच्या बॅटरीला कुणी १८ म्हणतं, कुणी २०, कुणी २१, कारण चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी मोजली तर २१ भरतात. खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर १३ सेल ओळीने जोडावे लागतात. अशा एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसते सेलच सहाशे ग्रॅमच्या घरात जातात. ती बॅटरी मशीनमधून काढून हातात घ्या. हलकी लागली तर आत बहुधा पाचच सेल आहेत. ज्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांतला आकडाच खोटा छापला, त्यांनी लिहिलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळण्याच्या जोरावर, मी कशाला विश्वास ठेवू? बिटांच्या ढिगावरही जाऊ नका. असल्या पेटीतलं मऊ लोखंडाचं बिट पहिल्या कडक स्क्रूवरच गोल होतं.

तुमचा पैसा खरा कुठे जातो, तर बॅटरीत. मशीन बरीच वर्षं चालतं, बॅटरी मात्र हळूहळू थकते आणि एक दिवस बदलावी लागते. तेव्हा तशीच बॅटरी मिळायला हवी. अनोळखी पेटीबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे : बॅटरी गेली की चांगलं चालणारं मशीनही कचऱ्यात जातं. उलट रयोबीची वन प्लस ही १८ व्होल्टची मालिका बघा. ती १९९६ मध्ये सुरू झाली आणि बॅटरी बसवण्याची खोबण त्यांनी आजवर तीच ठेवली आहे.

पण नुसतं नाव बघूनही भागत नाही. एकाच कंपनीत दोन घराणी असतात. बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच निळ्या व्यावसायिक मशीनमध्ये बसत नाही. मकिताच्या स्वस्त जी मालिकेची बॅटरी त्यांच्याच एलएक्सटी या १८ व्होल्टच्या मालिकेतल्या मशीनला चालत नाही. तेव्हा संच घेण्याआधी त्या बॅटरीवर पुढे आणखी काय काय चालतं ते बघा : जिगसॉ, सँडर, दिवा. त्या घराण्यात दोनच मशीन असतील तर ते घराणं सोडा. मला विचाराल तर स्वस्त संच निवडताना सर्वांत जास्त वेळ याच शोधात घालवावा.

आता टॉर्क. १२ व्होल्टचं लहान ड्रिल साधारण ३० न्यूटन मीटर देतं, १८ व्होल्टचं घरगुती ड्रिल ४० ते ६०. त्याच पेटीतल्या इम्पॅक्ट ड्रायव्हरवर शंभराच्या वरचा आकडा असतो. म्हणून तो ड्रिलच्या तिप्पट ताकदीचा ठरत नाही, दोघांची कामाची रीतच वेगळी आहे. ड्रिल पान्याला सतत जोर दिल्यासारखं फिरवतं. ड्रायव्हर पान्याच्या दांड्यावर हातोडीने भराभर ठोके दिल्यासारखा फिरवतो. मिनिटाला तीन हजार किंवा त्याहून जास्त ठोके पडतात. एकेक ठोका क्षणभराचा असल्यामुळे त्याचा झटका मनगटापर्यंत पोचत नाही. ८० मिलिमीटरचा स्क्रू पलंगाच्या पायात उतरवताना हा फरक हाताला लगेच कळतो. ड्रिल अशा वेळी तुमचंच मनगट पिळायला बघतं.

पण कपाटाच्या बिजागरीचे बारीक स्क्रू ड्रायव्हरने आवळू नका. पितळेचा स्क्रू तर मानेतच तुटतो. तिथे ड्रिलचं क्लच वापरा, म्हणजे चकमागचं (बिट पकडणाऱ्या जबड्यामागचं) आकडे लिहिलेलं कडं. ठरवलेला जोर आला की ते बिटाचं फिरणं थांबवतं. लहान आकड्यावर सुरुवात करा आणि स्क्रूचं डोकं लाकडाच्या पातळीला येईपर्यंत एकेक आकडा वाढवत जा. हे क्लच साध्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला नसतं. म्हणून पैसे कमी पडले तर आधी फक्त ड्रिल घ्या, मात्र दोन बॅटऱ्यांसह, आणि त्याच घराण्याचा नुसता ड्रायव्हर नंतर. ड्रिल भोकही पाडतं आणि स्क्रूही लावतं.

१८ व्होल्ट घ्यावंच असं कुणाला सांगेन? ज्यांना जाड लाकडात मोठ्या व्यासाची भोकं पाडायची आहेत किंवा रोज तासन्‌तास काम करायचं आहे त्यांना. कपाट आणि पलंगाला १२ पुरतं. ते मशीन बॅटरीसकट किलोभराचं असतं आणि कपाटाच्या आत कोपऱ्यातही शिरतं. ब्रशलेस मोटर (आत घासणारे कार्बनचे तुकडे, म्हणजे ब्रश, नसलेली) मिळाली तर उत्तम, कारण त्याच चार्जवर काम जास्त होतं. पण त्यासाठी दुसऱ्या बॅटरीचे पैसे मोडू नका. कार्बन ब्रशची चांगली मोटरही घरकामात पुष्कळ टिकते.

विकत घेताना मशीन चालवून बघा. चकमध्ये सरळ बिट अडकवून हळू फिरवा. बिटाचं टोक जागेवर फिरलं पाहिजे, हेलकावता कामा नये. ट्रिगर जरासा दाबल्यावर मशीन अगदी संथ सुरू व्हायला हवं आणि सोडल्याबरोबर थांबायला हवं. ज्या ट्रिगरला ‘बंद’ आणि ‘भरधाव’ यांच्यामधलं काही कळत नाही, त्याने स्क्रू नीट बसत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे. भिंतीत भोक पाडायला गेले तर बिट नुसतं फिरतं, तापतं, पुढे जात नाही. मशीन खराब आहे का?

उत्तर : मशीन ठीक आहे, त्याचं हे कामच नाही. ड्रायव्हरचे ठोके फिरण्याच्या दिशेने पडतात, भिंतीच्या दिशेने नाहीत. भिंत फुटायला बिट पुढे आपटलं पाहिजे. त्यासाठी चकमागच्या कड्यावर हातोडीचं चिन्ह असलेलं हॅमर ड्रिल लागतं. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिटाला बारीक धक्के देतात. टोकाला कार्बाइड असलेलं बिट लावलं तर विटेच्या भिंतीत ६ किंवा ८ मिलिमीटरचं भोक अशा मशीनने सहज पडतं.

काँक्रीटचा खांब किंवा तुळई असेल तर मात्र त्यालाही झगडावं लागतं. तिथे रोटरी हॅमर हवा, एसडीएस बिटाचा, म्हणजे खाचा असलेल्या दांड्याचं बिट नुसतं ढकलून अडकवायचा. त्याच्यात हवेच्या दाबाने दट्ट्या बिटाच्या मागच्या टोकावर आपटतो, तुम्हाला अंगाचा भार टाकावा लागत नाही. अशी दोन-चारच भोकं असतील तर तो भाड्याने किंवा कुणाकडून मागून आणा. त्यासाठी नवं मशीन घेण्यात मला अर्थ दिसत नाही. काँक्रीटची धूळ फुप्फुसांना फार वाईट, तेव्हा मास्क लावाच. आणि ड्रायव्हर चालवताना कानात बोळे हवेतच. बंद खोलीत त्याचा आवाज कानांना इजा करण्याइतका मोठा असतो.

प्रश्न : नवीन, चांगल्या कंपनीचं बिट आहे, तरी स्क्रूच्या खाचा झिजतात. असं का?

उत्तर : स्क्रूचं डोकं उजेडात धरा. अधिक चिन्हाच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह आहे. त्याला पीझेड २ लिहिलेलं बिट लागतं. तुम्ही बहुधा पीएच २, म्हणजे फिलिप्स, लावत आहात. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखी वाटतात, पण जोर आला की फिलिप्सचं टोक वर सरकतं आणि खाच खरवडत जातं. बिट जुळूनही घसरत असेल तर मशीन स्क्रूच्या रेषेत सरळ धरलंय ना ते पाहा, मागून नीट दाब द्या आणि वेग निम्म्यावर आणा. कडक लाकडात आधी स्क्रूच्या गाभ्याएवढं भोक पाडून घ्या.