सातारा जिल्ह्यात बारावीनंतरच्या करिअरबद्दल मोफत सल्ला कुठे मिळेल?

आधी साताऱ्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. नाव लांबलचक असलं तरी हे जुनं सेवायोजन कार्यालयच. असं केंद्र प्रत्येक जिल्ह्यात असतं आणि मार्गदर्शनाचे पैसे लागत नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि मुलांना पहिल्यांदा तिथेच पाठवतो. जाण्यापूर्वी राज्य सरकारच्या 'महास्वयम्' या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, म्हणजे तिथला वेळ फॉर्म भरण्यात जात नाही. केंद्र सरकारचं 2015 पासूनचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' पोर्टलही मोफत आहे.

मात्र या केंद्राचा भर नोकरी, कौशल्य प्रशिक्षण आणि स्वयंरोजगारावर असतो. मुलाचा कल नेमका कुठे आहे हेच कळत नसेल, तर अभिक्षमता चाचणी (ॲप्टिट्यूड टेस्ट) वेगळी करावी लागेल. ती पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिका या मानसशास्त्र संस्थेत होते. शुल्क आणि तारीख आधी फोन करून विचारा. 'मोफत सेमिनार'वाल्या खासगी क्लासेसपासून जरा जपून, तिथला सल्ला बहुतेकदा त्यांच्याच प्रवेश अर्जापाशी येऊन थांबतो.