पीक हातचं गेलं, आता उपकारस्तुती कशी करायची?

प्रश्न: प्रभूच्या नावात सलाम ताई. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, थोडं कोरडवाहू वावर आहे. औंदा सोयाबीन सोंगून गंजी लावली अन् पाऊस लागला. पाऊस उघडल्यावर ताडपत्री काढली तर शेंगांतच कोंब फुटलेले, आत हात घातला तर गरम लागे अन् आंबूस वास. पराटीची (कपाशीची) बोंडंही सडली. आता चर्चमधे हंगामाची उपकारस्तुती आहे, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना. पाळक म्हणतात सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, पण गाणं सुरू झालं की माझं तोंडच उघडत नाही. सासूबाई म्हणतात दुकानातून एक कोहळं आणून तरी अर्पण कर, लोक काय म्हणतील. मनात नसताना आभार मानणं हे ढोंग नाही का? आणि आभाराशिवाय उपासना होतच नाही का? — एक भगिनी

उत्तर: सलाम ताई. पहिलं म्हणजे, खोटं गाऊ नका. तुमच्या वावरात काय झालं ते देवानं पाहिलंय, त्याच्यासमोर चांगलं पिकल्यासारखा चेहरा करून बसायची काही गरज नाही, आणि गप्प बसून राहिलात तरी तुम्ही उपासनेतच आहात.

उपकारस्तुती हा आपल्या उपासनेचा गाभा आहे हे मीही मानते, पण त्यासाठी रविवारी सकाळी आपलं मन आनंदी असायलाच पाहिजे असं आपण धरून बसतो ना, तिथं सगळी गडबड होते. प्रभुभोजन आठवा, चर्चमधे आपण येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करतो ते. ज्या रात्री त्याला धरून दिलं त्याच रात्री प्रभूनं भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि मोडली. धरून देणारा त्याच पंगतीत होता, पुढं क्रूस आहे हे त्याला माहीत होतं, आणि थोड्याच वेळानं गेथशेमाने बागेत तोच म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय. एकाच रात्री आभारही आणि रडून केलेली प्रार्थनाही, आणि एकामुळं दुसरं खोटं ठरलं नाही. आपण प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जातो तेव्हा त्याच्या त्या आभारात सामील होतो, आपले स्वतःचे कमी पडले तरी.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 136वं स्तोत्र आहे, 26 वचनं आणि प्रत्येकात देवाची दया सनातन असल्याचं सांगितलंय, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. पण त्याच पुस्तकात 88वं पण आहे, त्यात कुठंच आभार मानलेले नाहीत, शेवटही अंधारातच होतो, तरी देवाच्या लोकांनी ते काढून टाकलं नाही. ज्या दिवशी तोंड उघडत नाही त्या दिवशी ते वाचा, मोठ्यानं वाचा.

आणि हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तर शेतकऱ्यानंच लिहावा असा आहे. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तो एकेक नुकसान पंचनाम्यासारखं नोंदवतो आणि मगच म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पीक बुडालं याबद्दल त्यानं आभार मानलेले नाहीत, तुम्हीही मानू नका. आणि खऱ्या पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे चकरा मारणं म्हणजे विश्वास कमी, असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका.

कोहळं विकत आणायचं तर नकोच. लोकांच्या डोळ्यांसाठी ठेवलेलं अर्पण देवाला काय करायचंय. पण सासूबाईंवर रागावू नका, त्यांचंही तेच वावर गेलंय, दोघी एकमेकींजवळ बसा.

आता मंडळीशी पण थोडं स्पष्ट बोलते. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात प्रथमफळांची टोपली याजकाकडे न्यायची, आणि तिथं उभं राहून आधी आपली कहाणी सांगायची, मिसरात (इजिप्तमधे) आमचे हाल झाले, आम्ही देवाचा धावा केला, त्यानं ऐकलं. म्हणजे आभाराच्या दिवशीच दुःख बोलायला जागा ठेवलीय. आणि लगेच पुढं लेवी (देवाच्या सेवेला लावलेलं कुळ), परदेशी, अनाथ, विधवा यांना तिसऱ्या वर्षीच्या दशमांशातलं पोटभर मिळावं असंही लिहिलंय, कारण त्यांच्याकडं वावरच नाही. आपल्याकडं काय होतं? समोर तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, पाय बांधलेली कोंबडी, मग हर्रास म्हणजे लिलाव, दहा रुपयांचं लिंबू पाचशेला जातं, टाळ्या पडतात, चांगलंच आहे ते, पण ज्याची टोपली रिकामी तो मागच्या चटईवर मान खाली घालून बसतो आणि कोणी विचारत नाही. अशी उपकारस्तुती मला तरी अर्धीच वाटते.

म्हणून पाळकांना भेटा आणि सरळ सांगा, या वर्षी हर्रासाचे पैसे ज्यांचं पीक गेलं त्यांच्या पुढच्या बियाण्याला द्यावेत, आणि गाण्यांच्या आधी अशा घरांसाठी नावं घेऊन प्रार्थना व्हावी. स्वतः मागायला संकोच वाटत असेल, आणि वाटणारच, तर महिला मंडळातल्या कोणाला तरी हा विषय कमिटीत मांडायला सांगा.