अमेरिकेत आजही इतके लोक उत्क्रांती का नाकारतात?
अज्ञान हे कारण अर्धंच आहे. खरी अडचण आदामपाशी, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसापाशी येते. आदामाच्या पापामुळे जगात मृत्यू आला आणि ख्रिस्ताने त्यातून सोडवलं, अशी बायबल शब्दशः मानणाऱ्या इव्हँजेलिकल पंथांची श्रद्धा. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते हे मान्य केलं, तर ती साखळीच तुटते. म्हणून नुसते जीवाश्म दाखवून वाद मिटत नाही. (कॅथलिक चर्चला उत्क्रांतीचं वावडं नाही.)

आकडे मात्र जपून वाचा. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत आधी फक्त ‘माणसाची उत्क्रांती झाली की नाही?’ विचारलं, तेव्हा ३१ टक्क्यांनी ती नाकारली. ‘देवाच्या मार्गदर्शनाने झाली’ हा पर्याय त्याच प्रश्नात दिला, तेव्हा नाकारणारे १८ टक्केच निघाले.